मदत हवी आहे: नवरा-बायकोचे पैशाचे वाद कसे हाताळता?

नमस्कार मंडळी. मी सोलापुरात आर्थिक नियोजनाचं काम करतो. माझ्याकडे जुळे सोलापुरातलं एक जोडपं येतं. त्याला होटगी रोडला प्लॉट घ्यायचाय, तिला आधी मुलीचं सुकन्या समृद्धी खातं हवंय. मुलगी ९ वर्षांची. १० पूर्ण झाली की खातं उघडताच येत नाही, त्यामुळे तिची घाई रास्त आहे. पण मी काही विचारलं की ती नवऱ्याकडे बघते आणि गप्प बसते. परवा तो फोन घ्यायला बाहेर गेला, तेव्हा हळूच म्हणाली, "दादा, माझी भिशी चालू आहे, ह्यांना सांगू नका."

आता ते पैसे हिशेबात धरू की नको? तिचा विश्वास मोडायचा नाही, आणि त्याच्यापासून लपवून नियोजन करणंही पटत नाही. दोघांना वेगवेगळं भेटावं का? समुपदेशन करणाऱ्यांनी कृपया सांगा.