मदत हवी आहे: भारत-चीन सहकार्य नेमके कशावर टिकते?

नमस्कार. जागतिक संस्थांच्या सुधारणेतील भारत-चीन सहकार्यावर टिपण लिहिताना एका मुद्द्यावर अडलो आहे. ब्रिक्सची (ब्राझील, रशिया, भारत, चीन व दक्षिण आफ्रिका या गटाची) नव विकास बँक स्थापन होताना पाचही देशांनी भांडवलाचा वाटा समान, म्हणजे प्रत्येकी २० टक्के ठेवला; त्यामुळे मतेही समान झाली. मुख्यालय शांघायला गेले आणि पहिले अध्यक्षपद भारताचे बँकर के. व्ही. कामत यांच्याकडे आले. ही देवाणघेवाण मला फार बोलकी वाटते. याउलट, २०१६ मध्ये सुरू झालेल्या आशियाई पायाभूत सुविधा गुंतवणूक बँकेत भारत दुसऱ्या क्रमांकाचा भागधारक असला, तरी एक चतुर्थांशाहून अधिक मते चीनकडे असल्याने, तीन चतुर्थांश मतांची अट असलेले निर्णय त्याच्या संमतीवाचून होत नाहीत. (आंतरराष्ट्रीय नाणेनिधीत अमेरिकेच्या अशाच नकाराधिकाराविषयी आपली तक्रार हीच ना!) तरीही भारत तेथे टिकून आहे.

मग समान मताधिकार हाच सहकार्याचा पाया आहे, असे म्हणणे कितपत रास्त ठरेल? २००९ च्या कोपनहेगन हवामान परिषदेत तर मतांच्या वाटणीचा प्रश्नच नसताना दोघे ब्राझील व दक्षिण आफ्रिकेसह एकत्र उभे राहिले. सुरक्षा परिषद मी मुद्दाम वगळली आहे. जागतिक व्यापार संघटनेत शेती अनुदानांवर २०१७ मध्ये दोघांनी मांडलेल्या संयुक्त प्रस्तावाचा कोणी अभ्यास केला असल्यास, त्यामागील हिशेब कृपया समजावून सांगावा.