स्टेन्सनने दिलेला शब्द मोडला. ट्रूनची ६३ त्यावर पांघरूण घालते का?

मुठेकाठचा

हेन्रिक स्टेन्सन हा माझा सगळ्यात आवडता गोल्फर. हे आधीच सांगतो, कारण पुढचं रागाने नाही, मन दुखावलंय म्हणून लिहितोय.

१७ जुलै २०१६, स्कॉटलंडमधलं रॉयल ट्रून, ओपन चॅम्पियनशिपचा शेवटचा दिवस. स्टेन्सन एका फटक्याने पुढे होता. पहिल्याच होलला तीन पट (होलभोवतीच्या आखूड गवतावरचे, म्हणजे ग्रीनवरचे, हलके फटके) लागले, अमेरिकेच्या फिल मिकेल्सनने बर्डी (ठरलेल्या फटक्यांपेक्षा एक कमी) मारली आणि आघाडी गेली. मग याने दुसऱ्या, तिसऱ्या, चौथ्या होलला ओळीने बर्डी काढल्या. तेरा होलनंतर दोघे बरोबरीत. चौदाव्याला बर्डी. पंधराव्याला चेंडू ग्रीनच्या बाहेर, होलपासून जवळपास पन्नास फुटांवर. तिथून पटरने ढकललेला तो चेंडू उतारावरून वळत वळत आत गेला. मी घरी खुर्चीतून उठून उभा राहिलो होतो. दिवसभरात दहा बर्डी, दोन बोगी (ठरलेल्यापेक्षा एक फटका जास्त), एकूण ६३ फटके. चार दिवस मिळून २६४, पारपेक्षा, म्हणजे ठरलेल्या फटक्यांपेक्षा, २० कमी. मिकेल्सन तीन फटके मागे, आणि तिसऱ्या नंबरचा जे. बी. होम्स चौदा फटके मागे! मेजर, म्हणजे गोल्फच्या सर्वात मोठ्या स्पर्धांपैकी एक, जिंकणारा पहिला स्वीडिश पुरुष.

आता दुसरी बाजू. १५ मार्च २०२२ ला त्याला रोमच्या रायडर कपसाठी (युरोप विरुद्ध अमेरिका सांघिक स्पर्धा) युरोपचा कर्णधार नेमलं. सौदी पैशाच्या नव्या लीगची कुजबुज तेव्हा जोरात होती, म्हणून त्याला सरळ विचारलं गेलं. मी या जबाबदारीला पूर्ण बांधील आहे, करारावर सही फक्त कर्णधार करतो, खेळाडू आणि उपकर्णधार करत नाहीत, असं तो स्वतः म्हणाला. २० जुलैला तो लिव्हकडे, म्हणजे जुन्या टूरना टक्कर देणाऱ्या त्याच सौदी लीगकडे, गेला आणि कर्णधारपद काढून घेतलं गेलं. जेमतेम चार महिने.

माझं म्हणणं एवढंच: लिव्हला जायचा त्याला हक्क होता, पण मग कर्णधारपद घ्यायलाच नको होतं. कारकिर्दीचा हिशेब मांडताना हे वजा करावंच लागेल.

सुमेधा

साफ असहमत, आणि मनापासून असहमत.

गोल्फरला पगार नसतो. कट चुकला, म्हणजे दोन दिवसांनंतर बाद झालं, की त्या आठवड्याची कमाई शून्य आणि विमान, हॉटेल, कॅडी हा खर्च स्वतःचा. त्यातून या माणसाचं काय काय झालंय बघा. २००१ मध्ये युरोपियन टूरवर (युरोपातली व्यावसायिक स्पर्धामालिका) पहिली स्पर्धा जिंकला, आणि त्याच वर्षी स्विंग, म्हणजे फटक्याची लय, असा हरवला की आयर्लंडच्या के क्लबवर युरोपियन ओपनमध्ये नऊ होल खेळून मैदान सोडलं. प्रशिक्षक पीट कावेनबरोबर पुन्हा पहिल्यापासून उभारणी केली. २००९ मध्ये अ‍ॅलन स्टॅनफर्डच्या गुंतवणूक घोटाळ्यात साठवलेल्या पैशातला मोठा वाटा बुडाला, आणि तीन महिन्यांत हा माणूस प्लेयर्स चॅम्पियनशिप जिंकला. पुन्हा घसरला, २०१२ मध्ये जगात २३० वा. पुढच्याच वर्षी फेडेक्स कप आणि रेस टू दुबई, म्हणजे अमेरिकन आणि युरोपियन टूरची मोसमभराची विजेतेपदं, दोन्ही एकाच मोसमात, हे त्याआधी कुणालाच जमलं नव्हतं!

ज्याची जमापुंजी एकदा बुडाली आहे त्याने शेहेचाळिसाव्या वर्षी घराचा विचार केला, तर त्याला शब्दमोड्या म्हणायचं? आणि पद त्याने सोडलं नाही, त्याच्याकडून काढून घेतलं. कर्णधाराचं काम करता यावं अशी तजवीज लिव्हशी बोलून केली आहे, असं त्याने निवेदनात स्पष्ट लिहिलं होतं. शब्द मोडायला युरोपियन टूरने भाग पाडलं असंही म्हणता येईल.

वैशाख

सुमेधाताई, तजवीज नंतर करायची नसते, सही करण्याआधी करायची असते. दोन डगरींवर पाय ठेवून मग डगर सरकली म्हणणं पटत नाही.

आणि बेडमिन्स्टर विसरू नका. पद गेल्यावर दहा-अकरा दिवसांत तो तिथे लिव्हमधली आपली पहिलीच स्पर्धा जिंकला. चोपन्न होलचे वैयक्तिक ४० लाख डॉलर, वर संघाचे पावणेचार लाख. ट्रूनला बहात्तर होल जिवाच्या कराराने खेळून मिळाले होते ११ लाख ७५ हजार पौंड. पैशाबद्दल माझी तक्रार नाही. पण जिंकल्यावर तो म्हणाला की मी कर्णधारासारखा खेळलो असं म्हणायला हरकत नाही. ज्यांनी त्याच्यावर विश्वास टाकला होता त्यांना ते किती लागलं असेल? मला तर ते ऐकवलं नाही.

जुना फिटर

गोल्फ मी टीव्हीवर बघून शिकलो. तरी या विषयावर बोलायचा मला अधिकार आहे असं वाटतं.

एका कारखान्यात सव्वीस वर्षं काढली. एका साली साहेबांनी सुपरवायझर केलं, मी हो म्हटलं, आणि दीड महिन्यात बाहेरून दुप्पट पगाराचं बोलावणं आलं. मुलीच्या कॉलेजची फी डोक्यावर होती. तरी वर्षभर थांबलो, कारण हो म्हटलं होतं. त्या वर्षी फीसाठी बायकोच्या पाटल्या गहाण टाकल्या. म्हणून सुमेधाताईंचं दुःख मला कळतं. पण स्टेन्सनची गरज माझ्या गरजेसारखी होती हे मी मानणार नाही. २००९ चं नुकसान खरं. त्यानंतर भरघोस कमाईचं २०१३ सालही येऊन गेलं होतं.

सुमेधा

काका, तुमच्या पाटल्यांबद्दल वाचून पोटात कालवलं. त्यावर वाद घालणार नाही.

पण एक विचारते. तुम्ही थांबलात म्हणून तुमचं फिटिंगचं काम चांगलं ठरलं का? ते आधीपासून चांगलंच होतं. तसंच हे. ज्या के क्लबवरून तो २००१ मध्ये मान खाली घालून गेला, तिथेच २००६ च्या रायडर कपमध्ये युरोपच्या विजयावर शिक्का मारणारा पट त्याने टाकला. पाच रायडर कप, रिओ ऑलिंपिकला रौप्य. ड्रायव्हर (सर्वात लांब मारणारी काठी) बाजूला ठेवून त्याहून छोट्या ३-वुडने भल्याभल्यांच्या बरोबरीने चेंडू नेणारा माणूस. हे सगळं हाताचं कसब आहे. त्याचा हिशेब मैदानावरच व्हावा.

गोथेनबर्गकर

मी त्याच्या जन्मगावी राहतो, नऊ वर्षं झाली. इथून जे दिसतं ते सांगतो.

माझ्या शेजारच्या आजोबांना ट्रून म्हटलं की आधी स्टेन्सनच्या आधीचा स्वीडिश गोल्फर यास्पर पार्नेविक आठवतो. १९९४ ला टर्नबेरीत शेवटच्या होलला दोन फटके पुढे असून ओपन हुकली. १९९७ ला ट्रूनलाच शेवटच्या दिवशी आघाडी घेऊन उतरला आणि हरला. लिसेलोटे नॉयमनने १९८८ मध्येच मेजर जिंकली होती, अनिका सोरेनस्टामने तर दहा जिंकल्या, पण पुरुषांच्या हाताला यश लागत नव्हतं. २०१६ च्या त्या शनिवारी पार्नेविकने स्टेन्सनला निरोप धाडला, मला जे पुरं करता आलं नाही ते तू कर. हे सांगताना आजोबांचे डोळे भरतात.

म्हणूनच २०२२ जास्त लागलं. आजवर एकही स्वीडिश माणूस युरोपचा रायडर कप कर्णधार झालेला नाही. तो पहिला ठरणार होता. आणि रोमला काय झालं बघा. ल्युडविग ओबेर्ग, जून २०२३ ला व्यावसायिक झालेला कोवळा स्वीडिश मुलगा, तीन महिन्यांत युरोपच्या संघात. त्याने आणि साथीदार होव्हलांडने मिळून अमेरिकेच्या शेफ्लर-कोपका जोडीला ९ आणि ७ ने (सात होल उरले असताना नऊ होलची आघाडी) हरवलं. सामना अकराव्या होललाच संपला! युरोप साडेसोळा-साडेअकराने जिंकलं. स्टेन्सनच्या जागी आलेला ल्यूक डोनाल्ड कर्णधार.

आजोबा तो सामना माझ्याकडे बघायला आले होते. ओबेर्गने टोपी काढली तेव्हा ते म्हणाले, त्याला मिठी मारायला तिथे हेन्रिक हवा होता.

मुठेकाठचा

गोथेनबर्गकर, हे वाचून बराच वेळ काही लिहिता आलं नाही.

सुमेधाताई, तुमचं एक मान्य करतो. ‘वजा’ हा शब्द मी चुकीचा वापरला. पंधराव्या होलचा तो पट कुठल्याही सहीने वजा होत नाही. पण तजवीज केली होती हे मला अजूनही पटत नाही, कारण टूर मान्य करणार नाही हे त्याला माहीत नव्हतं असं मानता येत नाही. २०२३ च्या मे महिन्यात त्याने टूरचं सभासदत्वही सोडलं, आणि ऑगस्ट २०२५ मध्ये ४९ वा येऊन लिव्हमधली जागाही गेली. यात मला समाधान वाटत नाही, वाईटच वाटतं.

सुमेधा

मग निदान यावर आपलं एकमत आहे की तो पुन्हा युरोपच्या संघाच्या खोलीत दिसावा? उपकर्णधार म्हणून का होईना. मी तर वाट बघतेय.

वैशाख

मी नाही. आधी त्याने ‘चुकलो’ म्हणावं.