घर भाड्याने देताना: कोल्हापूरच्या घरमालकांचे अनुभव

गेल्या जूनमध्ये आर. के. नगरातील आमच्या वरच्या दोन खोल्या पहिल्यांदाच भाड्याने दिल्या. त्या वेळी शेजारीपाजारी सल्ले द्यायला अनेक जण पुढे आले आणि त्यांतले निम्मे सल्ले चुकीचे निघाले. सर्वांत ठामपणे सांगितले गेले ते असे, की करार 11 महिन्यांचा असला म्हणजे नोंदणी लागत नाही, नोटरी पुरते. प्रत्यक्षात महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, 1999 च्या कलम 55 प्रमाणे करार लेखी आणि नोंदणीकृत करून घेणे ही घरमालकाचीच जबाबदारी आहे, मग मुदत कितीही असो. म्हणून ज्यांनी कोल्हापुरात घर भाड्याने दिले आहे त्यांनी स्वतःवर आलेले प्रसंग लिहावेत, ऐकीव गोष्टी नकोत, अशी विनंती आहे. भाडेकरूंची नावे कृपया लिहू नयेत.

सायबर चौक परिसरातून

नोटरीच्या कागदावर विसंबून राहिलेल्यांपैकी मी एक आहे. विद्यापीठ जवळ असल्याने आमच्या भागात जून-जुलैत खोली मिळत नाही आणि मे महिन्यात खोलीला माणूस मिळत नाही. अशाच एका जूनमध्ये तीन विद्यार्थी आले. करार एकाच्याच नावे केला, बाकी दोघांचे फक्त फोन नंबर घेतले. दिवाळीनंतर पाहिले तर करारातला मुलगा गावी निघून गेला होता आणि त्याच्या जागी दुसराच कोणी राहत होता. पुढे मे महिन्यात परीक्षा संपताच सगळे गेले, मागे तीन महिन्यांचे थकलेले वीजबिल आणि भिंतीत ठोकलेले खिळे एवढेच राहिले. ‘बिल भाड्यातच धरायचे ठरले होते,’ असे त्यांचे फोनवरचे म्हणणे होते. तसे काहीही ठरले नव्हते. तरीही वकिलांनी जे सांगितले ते ऐकून मी गप्प बसलो: करार नोंदवलेला नसेल, तर अटींबाबत भाडेकरूचे म्हणणे ग्राह्य धरले जाते आणि ते खोटे असल्याचे आपल्याला सिद्ध करावे लागते.

दुसऱ्या वर्षी मी लीव्ह अँड लायसन्सचा, म्हणजे ठरावीक मुदतीपुरती जागा वापरू देण्याचा करार रीतसर नोंदवला. भाडे 9,000 आणि अनामत 30,000 असताना मुद्रांक शुल्क अडीचशे रुपयांच्या आसपास आणि नोंदणी फी 1,000 रुपये एवढाच खर्च आला, शिवाय एजंटचे पैसे. आधार क्रमांक आणि बोटांचे ठसे घेऊन हे काम घरबसल्या होते. ज्या रकमेसाठी मी नोंदणी टाळली होती, तिच्या कितीतरी पट ते वीजबिल होते. मुदत संपूनही जागा सोडली नाही तर त्याच भाडे नियंत्रण अधिनियमाच्या कलम 24 प्रमाणे सक्षम प्राधिकाऱ्याकडे, म्हणजे अशा अर्जांसाठी नेमलेल्या सरकारी अधिकाऱ्याकडे अर्ज करता येतो आणि ठरलेल्या भाड्याच्या दुप्पट दराने भरपाई मागता येते, हेही तेव्हाच कळले. आता राहणाऱ्या प्रत्येकाचे नाव करारात असते, पोलीस ठाण्यात माहिती दिलेली असते, आणि किल्ली देण्याआधी मीटरच्या आकड्याचा फोटो दोघांच्याही फोनमध्ये असतो.

ताराबाई पार्कातून

मांसाहार चालणार नाही, अशी अट माझ्या सासूबाईंनी घातली होती. तांबड्या-पांढऱ्याच्या गावात त्या अटीवर फ्लॅट सात महिने रिकामा राहिला. आठव्या महिन्यात अट त्यांनीच काढली. आता रविवारी खालच्या मजल्यावरून वास आला की त्या खिडकी लावून घेतात, आणि भाडे मात्र पाच तारखेच्या आत मिळते.

शाहूपुरीतून

आमचा प्रश्न कागदाचा नव्हता, पाण्याचा होता. ऑगस्ट 2019 च्या महापुरात तळमजल्यावरचे भाडेकरू कुटुंब अंगावरच्या कपड्यांनिशी बाहेर पडले. फ्रिज, गाद्या, मुलांची पुस्तके, सारे पाण्यात गेले. पाणी उतरल्यावर चिखल काढण्यातच पुढचे कित्येक दिवस गेले. त्या महिन्याचे भाडे मागायला मला तोंड नव्हते आणि त्यांनाही विचारायचा संकोच वाटत होता. करारात याबद्दल एक अक्षर नव्हते. शेवटी दीड महिन्याचे भाडे सोडून दिले. जुलै 2021 मध्ये पाणी पुन्हा आले, पण तोवर आम्ही थोडे शहाणे झालो होतो.

आता नव्या भाडेकरूला मी आधी भिंतीवरची पाण्याची खूण दाखवतो, मग स्वयंपाकघर. काही जण खूण पाहूनच परत जातात, ते बरेच. करारात दोन कलमे वाढवली आहेत: राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची पातळी 39 फुटांवर, म्हणजे इशारा पातळीवर गेली की सामान वरच्या मजल्यावरील आमच्या एका खोलीत हलवायचे, धोक्याच्या 43 फुटांची वाट पाहायची नाही, आणि घर राहण्याजोगे नसेल तितक्या दिवसांचे भाडे लागू होणार नाही. मीटरचा बोर्ड खुणेच्या वर नेऊन बसवला आहे. भाडे या भागातील दरापेक्षा कमी घेतो, कारण त्या दराने घेण्यासारखी ही जागा नाही, असे माझे प्रामाणिक मत आहे.

मंगळवार पेठेतून

वर लिहिलेले सगळे नव्या भाडेकरूंबद्दल आहे. आमच्याकडे आजोबांच्या काळापासूनच्या एक आजी आहेत, त्यांचे भाडे 60 रुपये. कायद्याने दरवर्षी 4 टक्के वाढ मागता येते, म्हणजे पहिल्या वर्षी दोन रुपये चाळीस पैसे. मागच्या उन्हाळ्यात कौले शाकारायला आलेल्या गवंड्याने एका दिवसाची जी मजुरी घेतली, तेवढे भाडे त्यांच्याकडून वर्षभरातही जमत नाही. थोरल्या भावाने रागाच्या भरात त्यांचा नळ तोडायचे ठरवले होते. अत्यावश्यक सोयी बंद करण्यास कलम 29 ची मनाई आहे आणि त्यात उलट आपणच अडकू, हे वकिलांनी वेळेवर सांगितले म्हणून तो थांबला. आजींच्या पश्चात त्यांच्यासोबत राहणाऱ्या मुलाचा हक्क राहील, हे आम्ही आता मनाशी धरूनच चालतो.

राग कमी झाला असे म्हणता येणार नाही. पण आजी दर महिन्याच्या एक तारखेला साठ रुपये मोजून देतात आणि पावती हातात पडल्याशिवाय ओट्यावरून हलत नाहीत. पावती देणे कायद्याने आम्हाला बंधनकारकच आहे. भाऊ पावती फाडून देतो, त्या चष्मा लावून तारीख वाचतात, आणि मग त्याला चहा विचारतात.