लिफ्ट बंद आणि ७०२ चा गुडघा

बी-७०२: लिफ्ट उद्यापण बंद का? चढायला काही वाटत नाही, पण उतरताना गुडघ्याच्या वाटीमागे कळ येते. आणि हायरॉक्सला सातच आठवडे राहिलेत.

ए-१०१ काका: हे कसलं औषध?

बी-७०२: 😂 काका, स्पर्धा आहे. २०१७ साली जर्मनीत सुरू झाली. एक किलोमीटर पळायचं, मग एक व्यायाम, असं आठ वेळा. स्लेज (वजन लादलेली घसरगाडी) ढकला, स्लेज ओढा, रोइंग (मशीनवर वल्हवणं)... शेवटी खांद्यावर वाळूची पिशवी घेऊन १०० मीटर लंजेस, म्हणजे एक पाय पुढे टाकून मागचा गुडघा जमिनीला टेकवत जायचं, आणि मग १०० वॉल बॉल, म्हणजे खाली बसून उठत जड चेंडू भिंतीवर उंच फेकायचा.

ए-१०१ काका: आणि हे तू पैसे भरून करतेस?

सी-३०४: गुडघे म्हणजे टायर. ठरलेले किलोमीटर संपले की संपले. मी म्हणून पळतच नाही.

डी-२०२ फिजिओ: दादा, टायर स्वतःला दुरुस्त करत नाही. हाडांच्या टोकांवरच्या गुळगुळीत कूर्चेत रक्तवाहिन्या नसतात. दाब पडला, सुटला, की स्पंजासारखा सांध्यातला द्रव आतबाहेर होतो, त्यावरच ती जगते. हौसेनं पळणाऱ्यांचे गुडघे बसून राहणाऱ्यांपेक्षा जास्त झिजलेत असं काही दिसलेलं नाही.
ताई, गेल्या महिन्यात काय काय वाढवलंस?

बी-७०२: पळणं आठवड्याला १२ किमी होतं, ते २५ केलं. लंजेस तीनदा, वॉल बॉल रोज. दम मात्र मस्त वाढलाय!

डी-२०२ फिजिओ: तिथेच गोम आहे. दम काही आठवड्यांत वाढतो. स्नायू मागोमाग येतात. स्नायू हाडाला जोडणाऱ्या कंडरांना महिने लागतात, त्यांना तुझी तारीख माहीत नाही.

बी-४०१: गेटसमोर पांढरी गाडी कोणाची? शाळेची बस अडकलीय.

बी-७०२: मग नाव काढून घेऊ?

डी-२०२ फिजिओ: छे. पळणं १५ वर आण, पावलं थोडी छोटी आणि भराभर टाक, गुडघ्यावरचा भार कमी होतो. स्लेज खुशाल चालू ठेव. त्यात उडी नाही, आपटणं नाही, दम तर तोच लागतो. रोइंगचंही तसंच. लंजेस आठवड्यातून एकदाच, आधी पिशवीशिवाय. मागचा गुडघा टेकवतेस की आपटतेस?

बी-७०२: शेवटच्या २० मीटरला आपटतेच 🙈 पिशवी खाली खेचते. डाव्या गुडघ्याला घट्टा पडलाय.

डी-२०२ फिजिओ: स्पर्धेत टेकवावा लागतो, म्हणून सरावातही टेकवायचाच. पण ज्या मीटरला आपटायला लागशील तिथे थांबायचं. त्यापुढे फक्त आपटण्याचा सराव होतो. दिवसाआड भिंतीला पाठ लावून खुर्चीत बसल्यासारखी बस, ४५ सेकंद, पाच वेळा. मांड्या थरथरतील, थरथरू देत.

बी-७०२: रविवारी मोठा सराव आहे. गोळी घेऊन करू का?

डी-२०२ फिजिओ: नको. गोळीनं कळ गप्प बसते, भार तेवढाच राहतो. दहापैकी तीनपर्यंत दुखलं तर चालेल, पण दुसऱ्या दिवशी सकाळी ते आधीइतकंच हवं. तुला मोजायला जिना आहेच. सूज आली, गुडघा अडकला किंवा मध्येच दगा द्यायला लागला, तर ग्रुपवर लिहू नकोस, सरळ दाखवायला ये.

ए-१०१ काका: मीपण भिंतीला बसू का?

डी-२०२ फिजिओ: काका, तुम्ही खुर्चीतून हात न टेकता उठा, बसा. दहा वेळा. काकूंना मोजायला सांगा.

ए-१०१ काका: सहा झाले. ही म्हणते, दोनदा हात टेकला.

सी-३०४: मी आठ केले. कशालाही न धरता.

बी-७०२: (दहा दिवसांनी) आज उतरताना चौथ्या मजल्यापर्यंत शून्य, खाली येईस्तोवर दोन. काल लंजेस ६० मीटरला थांबवले, जाम जिवावर आलं होतं.

बी-४०१: ताई, लिफ्ट परवाच सुरू झालीय.

बी-७०२: माहितेय.