अभ्यासिकेत गर्दी, देवघेवीला शुकशुकाट: तरुण वाचनालयात यावेत म्हणजे नक्की काय?

शाईवाला
तालुक्याच्या वाचनालयात सकाळी दहाला डोकावून बघा. अभ्यासिकेत खुर्ची मिळत नाही आणि दहा पावलांवर देवघेवीच्या खिडकीत ग्रंथपाल एकटाच पेपर चाळत बसलेला. स्पर्धा परीक्षेची मुलं बारा-बारा तास तिथेच असतात, पण पुस्तकं स्वतःची आणि वायफाय तेवढं वाचनालयाचं. वार्षिक अहवालात मात्र ‘तरुणांचा उत्तम प्रतिसाद’. हा प्रतिसाद पंख्याला आणि शांततेला आहे.

मुलं आलेलीच आहेत, तेव्हा पुस्तकं दहा पावलं हलवा. अभ्यासिकेच्या दाराशी नाहीतर पाण्याच्या फिल्टरजवळ एक उघडी मांडणी, १५० ते २०० पुस्तकं, निम्म्यांची तरी मुखपृष्ठं समोर. जाडजूड ठोकळे नकोत. जेवणानंतरच्या वीस मिनिटांत हातात घ्यावीशी वाटतील अशी शंभर-दीडशे पानी. दर पंधरवड्याला तीस पुस्तकं बदलायची, नाहीतर महिन्याभरात त्या मांडणीची भिंत होते. वेगळी वर्गणी मागू नका. फोटो, ओळखपत्राची प्रत, अनामत अभ्यासिकेच्या अर्जासोबत जमा आहेच. त्याच अर्जावर एक ओळ वाढवा: एक पुस्तक, १४ दिवस.

दाखलखाते
बोलायला सोपं आहे. दाखल नोंदवही, म्हणजे आलेल्या प्रत्येक पुस्तकाची नोंद, आणि कपाट जुळलं नाही की पडताळणीत मान ग्रंथपालाची अडकते. बहुतेक ठिकाणी माणूस एकच: तोच देवघेव बघतो, तोच वर्तमानपत्रं लावतो, अनुदानाचे कागदही तोच रंगवतो. त्यानं कपाटांना कुलूप लावलं ते भीतीपोटी. आणि चोरी परवडली, पण चुकीच्या जागी खोचलेलं पुस्तक नको. पुस्तकाची जागा पाठीवरच्या वर्गांकानं ठरते; ८९१.४६ म्हणजे मराठी साहित्यातलं पुस्तक कुणी ९२० च्या चरित्रांत सारलं, की पुढच्या पडताळणीपर्यंत ते गेलंच समजा.

शाईवाला
म्हणून तर दोनशेच म्हणतोय. पाठीवर एकाच रंगाची पट्टी चिकटवा. परत जागेवर ठेवायला वाचकाला सांगूच नका. खाली टोपली ठेवा, ‘वाचून झालं की इथे’. संध्याकाळी दहा मिनिटांत मोजून होतं. दुर्मिळ काही तिथे ठेवायचं नाही, फक्त कागदी बांधणीच्या दुसऱ्या प्रती. ग्रंथालयशास्त्रज्ञ रंगनाथनांनी १९३१ च्या पुस्तकात ग्रंथालयाची पाच सूत्रं मांडली, त्यातलं तिसरं ‘प्रत्येक ग्रंथाला वाचक’. मुक्तद्वाराचा, म्हणजे वाचकानं स्वतः कपाटापाशी जाऊन पुस्तक निवडण्याचा, आग्रह त्यातूनच येतो.

दाखलखाते
रंगनाथनांनी प्रशिक्षित, पूर्णवेळ ग्रंथपालही धरला होता. तो कोण देणार?

कार्यकारिणीतला
अभ्यासिकेला नावं ठेवण्याआधी वीजबिल बघा. महाराष्ट्राच्या १९६७ च्या सार्वजनिक ग्रंथालय कायद्यात ग्रंथालय उपकराची, म्हणजे ग्रंथालयांसाठी वेगळ्या कराची, तरतूदच नाही. तमिळनाडू, कर्नाटक, केरळात आहे. अनुदान हप्त्यानं येतं आणि उशिरा येतं. मधले महिने अभ्यासिकेच्या शुल्कावर निघतात. त्या मुलांना शांतता हवी असते. दाराशी पुस्तकं चाळणारे उभे राहिले की पहिली तक्रार आमच्याकडे.

नववी_ब
तुम्ही सगळे चुकीच्या वयावर भांडताय. बालविभागातली खुर्ची इतकी बुटकी, की नववीतल्या मुलाचे गुडघे हनुवटीला लागतात. मोठ्यांच्या विभागात जावं तर वडिलांची सही आणा, वर खिडकीतून प्रश्न: “कुणासाठी नेतोयस?” सातवीपर्यंत नेमानं पुस्तकं नेणारं पोरगं इथे गळतं आणि पुढे एकदम अभ्यासिकेत राज्यघटनेचं गाइड घेऊन उगवतं. तेरा ते सतरासाठी एक वेगळं कपाट हवं, बालविभागापासून लांब. त्यावर ‘कुमार विभाग’ असंही लिहू नका, कुणी फिरकणार नाही. विषयाच्या पाट्या लावा: क्रिकेट, अंतराळ, भुतं, चित्रकथा.

आता खरेदी. मार्चअखेर हप्ता आला की एकाच विक्रेत्याकडून, सवलत बघून, गठ्ठ्यानं. ग्रंथनिवड समितीत साठीच्या आतलं कुणी नाही. खिडकीवर मागणीची वही टांगा आणि समितीला सांगा, खरेदीतलं पाचातलं एक पुस्तक त्या वहीतून.

कार्यकारिणीतला
वहीत फक्त परीक्षेची गाइडं लिहून येतात.

नववी_ब
येणारच, वही अभ्यासिकेत टांगल्यावर. ती शाळेच्या वेळेनंतर, साडेपाच ते सात, खिडकीवर हवी. आणि मागितलेलं पुस्तक आलं की मागणाऱ्याला कळवा. एकदा कळवलं नाही की पुन्हा कुणी लिहीत नाही.

शाईवाला
कळवण्यावरून: व्हॉट्सॲपची प्रसारण यादी करणाऱ्यांनी दोन गोष्टी तपासा. एका यादीत २५६ च माणसं बसतात, आणि वाचनालयाचा नंबर ज्यानं फोनमध्ये जतन केलाय त्यालाच निरोप पोहोचतो. म्हणून अर्ज भरतानाच नंबर जतन करून घ्या. आठवड्याला तीन पुस्तकं, मुखपृष्ठाचा आणि पहिल्या पानाचा फोटो, बस. सुप्रभात आणि जयंत्या पाठवल्या की यादी मेली.

१५ ऑक्टोबरच्या वाचन प्रेरणा दिनाचंही तेच. टेबलावर पांढरी चादर, त्यावर पुस्तकं, शेजारी ‘हात लावू नये’. बघायला शाळेची रांग येते आणि मोकळ्या हातानं परत जाते. त्या टेबलावर देवघेवीची वही का नको?

दाखलखाते
वही ठेवतो, मांडणीही उघडी करतो. पण कार्यकारिणीनं आधी ठराव करावा: उघड्या मांडणीतली शेकडा पाच पुस्तकं वर्षाला गहाळ होतील असं धरलं आहे, ती रीतसर निर्लेखित होतील, म्हणजे नोंदवहीतून कमी होतील, ग्रंथपालाकडून वसुली होणार नाही. खाली अध्यक्ष-सचिवांच्या सह्या. कागद हातात आला की त्याच दिवशी कुलूप काढतो.

कार्यकारिणीतला
पाच जास्त होतात. दोन लिहू.

दाखलखाते
दोनमध्ये मी शंभरच पुस्तकं बाहेर काढीन.