मदत हवी आहे: आईचं नाव मतदार यादीत नाही, शुक्रवार शेवटचा!

राजेंद्रनगरी:
आईचं नाव इंदूरच्या यादीत सापडत नाहीये. कार्ड आहे, आधार आहे, सगळं आहे. दावे-हरकतींची मुदत शुक्रवारपर्यंत. कोणता फॉर्म भरायचा एवढंच सांगा. भाषण नको.

सराफा_रात्री_बारा:
फॉर्म ६. बाबांचा मीच भरला होता, ऑनलाइन, दहा मिनिटांत.

निवृत्त_मास्तर:
थांबा भिया. मी बीएलओची, म्हणजे बूथची मतदार यादी सांभाळणाऱ्याची, ड्युटी केलीय. यादी कोणती पाहिलीत, विधानसभेची की नगर निगमची? दोन्ही वेगळ्या असतात. पत्ता बदललाय का? आणि नावाने शोधलंत की कार्डावरच्या नंबराने?

राजेंद्रनगरी:
विधानसभेची. नावानेच शोधणार ना! पत्ता तोच आहे. म्हणजे रामबागेतून इकडे येऊन सहा वर्षं झाली, पण कार्ड जुनंच.

निवृत्त_मास्तर:
याला "पत्ता तोच" म्हणतात होय? जुन्या यादीतून नाव कटलं असेल तर फॉर्म ६. तिथे अजून असेल तर फॉर्म ८, घर बदलल्याचा. आधी नंबर टाकून बघा.

सातासमुद्रापार:
परदेशातल्या भारतीय नागरिकांसाठी फॉर्म ६ए असतो. पण मत द्यायला स्वतः बूथवर यावं लागतं.

राजेंद्रनगरी:
आई रामबागेतून आलीय, न्यूजर्सीहून नाही.

नोटाभक्त:
एवढी धावपळ कशाला? जुन्या बूथवर जा, नोटा ("यापैकी कोणीच नाही") दाबा, पोहे खा. २०२४ च्या लोकसभेला काँग्रेसच्या उमेदवाराने अर्ज मागे घेतला तेव्हा आपल्या इंदूरने २,१८,६७४ वेळा नोटा दाबला होता!

सराफा_रात्री_बारा:
आणि भाजप ११,७५,०९२ मतांनी जिंकली. नोटाला कितीही पडू देत, खुर्चीत उमेदवारच बसतो.

नोटाभक्त:
राग तरी मोजला गेला ना. घरी बसलेल्याचा कोण मोजतो?

निवृत्त_मास्तर:
हे दुसऱ्या धाग्यावर भांडा. राजेंद्रनगरी, सापडलं का?

राजेंद्रनगरी:
सापडलं!! रामबागेतच आहे. आम्ही काळे, यादीत "काले". मी ळ टाकून शोधत होतो.

निवृत्त_मास्तर:
वाटलंच. हिंदी यादीत आपल्या ळ चा ल होतो. माझ्या भागात एका घरातले अर्धे कुळकर्णी आणि अर्धे कुलकर्नी होते. आता फॉर्म ८. फॉर्म ६ मध्ये "माझं नाव आधी कुठेच नाही" असं लिहून द्यावं लागतं. खोटं लिहिलं तर एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते, कलम ३१.

सराफा_रात्री_बारा:
मला कुठे माहीत होतं घर बदललंय! आधी सांगायचं ना.

नोटाभक्त:
सहा वर्षं काय करत होते हे?

राजेंद्रनगरी:
नोकरी. भरला फॉर्म ८, नंबरही आला. आई म्हणते "काले" राहू दे, पत्ता आधी होऊ दे. आणि विचारतेय, तुझं स्वतःचं नाव कुठे आहे?

निवृत्त_मास्तर:
कुठे आहे?

राजेंद्रनगरी:
बघतोय. थांबा.