मदत हवी आहे : वॉर्डातल्या ओटीची घडी बसवताना

नमस्कार. गोव्यातल्या एका मनोविकार वॉर्डात ऑक्युपेशनल थेरपी (ओटी, म्हणजे हातकाम आणि रोजच्या कामांतून उपचार) नव्याने मांडत आहोत. सहा-सात जणांचा गट, ४५ मिनिटं, कात्र्या-सुया सत्राआधी आणि नंतर मोजून कुलपात. इथवर ठीक.

अडतं ते काम नेमून देताना. सगळ्यांना सरसकट कागदी पिशव्या! औषधांनी हात थरथरणाऱ्याला बारीक दुमड जमत नाही, पायांची चुळबुळ थांबत नसेल तर बसवत नाही. माणूस उठून जातो आणि फाइलीत ‘सहकार्य नाही’ असं पडतं. ॲलनची लेसिंग चाचणी (चामड्याच्या तुकड्यात दोरी ओवायला देऊन आकलनाची पातळी पाहणारी) आधी घेतली तर कोणाला किती अवघड काम द्यायचं ते ठरतं, पण थरथर किंवा चष्मा नसणं यानेही गुण घसरतात. हे तुम्ही वेगळं कसं काढता?

दुसरं, पिशव्या चतुर्थीच्या बाजारात विकायचा विचार आहे. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यातलं कलम २० सांगतं, कामाची सक्ती नाही आणि केलेल्या कामाला योग्य मोबदला. मोबदल्याचं रजिस्टर ओटीने ठेवावं की हिशेब विभागाने? नमुना असल्यास कृपया टाका.

डिस्चार्जआधी कदंबा बसचा प्रवास, बाजारहाट, पेज शिजवणं तपासायची यादी कोणाकडे आहे का? छापील इंग्रजी याद्यांत ओव्हन असतो, इथे गॅस.